दीड इंच

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे तोंड करून
एक रिसॉर्ट उभं राहतंय.
त्यांना धबधबा हवाय, तरणतलावाला लागून,
आणि धबधब्याला डोंगर लागतो.
डोंगर आम्ही करतो.

आधी सळया वाकवायच्या, मग जाळी,
जाळीला बाइंडिंग वायरचे पीळ,
बोटांना रोज नवे ओरखडे.
मग माल, लाडवाच्या मिश्रणाहून जरा सैल.
दिघोळे सर म्हणतात, थापू नकोस, फेक.
थापलेल्याची भिंत होते, फेकलेल्याचा खडक.
सर पूर्वी गणपतीची आरास करायचे, थर्माकोलची:
कैलास, अमरनाथ,
एका वर्षी तर समुद्राचा तळसुद्धा.
बंदी आली तेव्हा सिमेंटकडे वळले.
हिमालय वितळला रे, एवढंच सांगतात.

पहिला महिना माझे सगळे खडक बटाट्यासारखे.
दुसऱ्या महिन्यात बटाट्यांना भेगा पडल्या,
सगळ्या सारख्या,
फूटपट्टी लावून पाडल्यासारख्या.
सरांनी ओला माल खालपासून वर खरवडून काढला
आणि म्हणाले, उद्या कामावर येऊ नकोस.
पांडवलेण्याला जा. लेण्यात शिरू नकोस,
बाहेरच्या कातळाकडे बघत बस.

बसलो. अकरा ते चार.
पायऱ्या चढून आलेली माणसं माझ्याकडे बघत होती,
मी कातळाकडे,
आणि काय बघायचं तेच कळत नव्हतं.
रात्री घरी सांगितलं तर बाप
घास अडकून खोकला येईपर्यंत हसला.

बाप मल्लेश धोत्रे. सारूळच्या खाणीत चाळीस वर्षं.
सुतकीच्या एका ठोक्यात त्याला कळायचं
दगड कुठे उकलणार.
जन्मभर त्यानं डोंगर कमी केले,
ब्रासच्या हिशोबानं.
मी वाढवतोय, चौरस फुटाच्या.

ताट सारून त्यानं फरशीवर
ओल्या बोटानं रेघ ओढली.
"भेग वरून येत नसती. दगडाला नस असती.
पाणी तिथं मुरतं, ऊन तिथं ताणतं,
मग कधीतरी कुणी म्हणतं, तडा गेला.
तू तडा काढतोस. नस काढ."
मी फोटोसाठी मोबाइल शोधेपर्यंत
रेघ सुकली होती.

त्यानंतर चुरगळलेला फॉइल ओल्या मालावर दाबताना,
स्पंजानं काळा ऑक्साइड टिपताना,
वर गेरू, सांदीत जरासा शेवाळी,
मी आधी नस धरली
आणि हात तिच्या मागे गेला.
सर बराच वेळ बघत उभे होते.
मग त्यांनी चहा मागवला. दोन.

उद्घाटनाच्या आधी बापाला आणला,
मागच्या गेटनं, वॉचमन ओळखीचा होता.
दिवस नुकता मावळलेला, पंप बंद.
त्यानं खडकाभोवती फेरी मारली.
एका खाचेत सरडा बसला होता,
त्याच्याकडे बघून मान हलवली,
कामावरच्या माणसाला हलवतात तशी.
मग बोटाच्या पेरानं टकटक.
आतून रिकाम्या पिंपाचा आवाज.

मी वाट बघत होतो, आता बोलेल.
तो तळवा टेकवून उभा राहिला.
"लवकर गार झाला," म्हणाला.
"थंडीत आम्ही खाणीतच झोपायचो,
दगडावर. अर्ध्या रात्रीपर्यंत ऊन पुरायचं."

आता मी पाऊण इंचाऐवजी
दीड इंचाचा थर देतो.
सगळीकडे नाही,
फक्त माणसाची पाठ टेकेल एवढ्या उंचीपर्यंत.
दीड इंचात किती ऊन मावतं, ठाऊक नाही.
ठेकेदार विचारतो, गोण्या जास्त कशा जातात रे?
मी म्हणतो, जाळी सैल होती.